रिबकेची नथ आणि मावशीची चमकी

‘हाये सारा’ या पाराशेतील अब्राहाम आबीनूंच्या चाकराची कथा वाचकांना ठाऊक असेलच. विहिरीवर आलेल्या मुलीने त्याला पाणी दिले, त्याच्या दहा उंटांनाही पाजले, तेव्हा त्याने दोन जिन्नस बाहेर काढले. एक सोन्याचा नेझेम, वजन एक बेका. आणि दुसरी हातांतील कांकणांची जोडी, वजन दहा शेकेल. हिब्रू भाषेत नेझेम हा शब्द कानातल्याला व नाकातल्याला दोहोंना चालतो. परंतु पुढे मुलीच्या घरी बसून हीच हकीकत सांगताना तो चाकर स्पष्ट सांगतो की, नेझेम आपण तिच्या नाकात घातला. म्हणजे इसहाकाच्या नवरीला सासरचा जो पहिला दागिना मिळाला, तो नाकातला होता.

बेका म्हणजे अर्धा शेकेल. यरुशलेम व आसपासच्या उत्खननांत राजांच्या काळातील दगडी वजने सापडली आहेत. त्यांवरून शेकेल सुमारे सव्वाअकरा ते साडेअकरा ग्रॅमचा भरतो. आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. तेव्हा रिबकेचा नेझेम कोकणातल्या सोनाराच्या काट्यावर घातला असता तर तो गुंजभर इकडेतिकडे अर्ध्या तोळ्याचा निघाला असता. अर्ध्या तोळ्याची नथ म्हणजे खात्यापित्या घरची नथ. भपकेबाज नव्हे, पण चारचौघीत मिरविण्यासारखी.

हे वजनाचे गणित मांडण्याचे कारण असे की, आपल्या समाजात गेली पन्नास-साठ वर्षे एक समज घट्ट बसला आहे. कान टोचणे ठीक, पण नाक टोचणे ही हिंदूंची चाल. कोकणात शेजाऱ्यांचे पाहून आपल्या बायकांनी ती उचलली, आणि इस्राएलमध्ये आल्यावर ती टाकली हे बरेच झाले, असे आपल्यातील शिकलेली माणसेही म्हणतात. या समजापायी कित्येक आयाआज्यांनी चमक्या काढून डब्यात ठेवल्या. माझ्या थोरल्या मावशीने काढली नाही. तिच्या नाकाकानांची हकीकत पुढे येईलच. प्रथम नथीच्या वंशावळीकडे पाहू. आपल्या वंशावळीची चौकशी पुष्कळांनी केली आहे, नथीची कोणी केली नाही.

कान टोचणे हिंदुस्थानात फार जुने आहे, याबद्दल वाद नाही. सुश्रुताच्या ग्रंथात त्याचा सविस्तर विधी आहे. मूल सहासात महिन्यांचे झाले की त्याला दाईच्या मांडीवर बसवावे, खेळणी दाखवून रमवावे, डाव्या हाताने कानाची पाळी ओढून धरावी, आणि सूर्याच्या उजेडात जेथे पाळीतून प्रकाश आरपार दिसेल तेथे उजव्या हाताने सरळ टोचावे. पाळी पातळ असली तर सुईने, जाड असली तर आरीने. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. मग कापसाची वात घालावी, तेल सोडावे, आणि दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात घालीत जावी. रक्त फार आले वा मूल फार रडले तर जागा चुकली असे समजावे. वैद्याला पटेल असेच हे सारे आहे. जड दागिन्यांनी फाटलेल्या पाळ्या जोडण्याच्या पंधरा तऱ्हाही त्याच ग्रंथात दिल्या आहेत, यावरून त्या काळी कानांवर किती सोने लटकत असेल याची कल्पना यावी.

परंतु नाकाचे काय? अजिंठ्याची चित्रे पाहा, कार्ल्याच्या लेण्यांतील दांपत्ये पाहा. कानांत वाटोळी, लांबट, जडजड आभूषणे आहेत; गळा, कंबर, हात, पाय भरलेले आहेत. नाक मात्र रिकामे. एकाही बाईच्या नाकात काही नाही. ही गोष्ट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३०-४० च्या सुमारास ‘नथ’ या दागिन्याच्या प्राचीनतेवर निबंध लिहून तपासली, आणि डॉ. अनंत सदाशिव अळतेकरांनीही प्राचीन स्त्रीजीवनावरील आपल्या ग्रंथात तिच्याकडे लक्ष वेधले. जुन्या संस्कृत वाङ्मयात बाईच्या नाकातल्या दागिन्याला शब्दच सापडत नाही. तो दागिना इसवी सनाच्या हजाराव्या वर्षाच्या आसपास व त्यानंतर पुढे येतो. पश्चिमेकडून, मुसलमानी राजवटींबरोबर तो आला असावा, असे या विद्वानांचे मत आहे.

आणि पश्चिमेकडे तो किती जुना? रिबका आहेच. संदेष्टा यशया यरुशलेमच्या नखरेबाज बायकांच्या अंगावरील दागिन्यांची लांबलचक यादी देतो, तिच्यात नाकातले नेझेम आहेत. यहेज्केलाच्या ग्रंथात देव यरुशलेम नगरीला नवरीसारखी सजवितो, तेव्हा तिच्या नाकात नेझेम व कानांत आगिल घालतो. नीतिसूत्रांत डुकराच्या नाकातील सोन्याच्या नेझेमची उपमा आहे. ती समजायला ऐकणाऱ्याने बाईच्या नाकातला नेझेम रोज पाहिलेला असला पाहिजे. सीनायच्या पायथ्याशी अहरोनाने लोकांच्या बायकांच्या, मुलांच्या व मुलींच्या कानांतले सोने मागितले. येथे मुलगे आले आहेत हे ध्यानात ठेवावे. त्या वेळी बायकांनी आपले दागिने वासरासाठी दिले नाहीत, पुरुषांनी स्वतःच्याच कानांतले ओरबाडले, आणि या सचोटीबद्दल रोश होदेशचा दिवस बायकांना विश्रांतीसाठी मिळाला, असे मिद्राश सांगतो. पुढे मिश्कानासाठी वर्गणी झाली, तेव्हा त्याच बायकांनी नेझेम आणून दिले.

याचा अर्थ असा की, जी नथ हिंदूंची म्हणून आपण काढून ठेवली, ती हिंदुस्थानातच पाहुणी होती. आणि ज्या मुलखातून ती निघाली तेथेच आपण ती लाजत उतरवली. आता यावरून कोणी असे म्हणू लागेल की, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांनीच नथ कोकणात नेली, तर ती उडी फार लांबची होईल. आपल्याकडे नथ आली ती शेजारच्या मराठी बायकांकडूनच. लुगडे, चोळी, मंगळसूत्र, हिरवा चुडा यांच्याबरोबरच ती आली, आणि घडविली तीही त्याच सोनाराने. मुद्दा एवढाच की, घरून निघालेली वस्तू फिरून घरी आली तर तिला दारात अडवू नये.

मावशीचा जन्म १९३१ सालचा, अलिबागेजवळच्या एका खेड्यातला. तिचे कान चार महिन्यांची असताना टोचले. गावचा सोनार घरी आला, बारीक टोकदार सोन्याची तार पाळीतून ओवून तिथेच पीळ देऊन बंद केली, आणि नारळ, तांदूळ व चार आणे घेऊन गेला. ‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण आपण दुसऱ्या अर्थाने वापरतो. पण तिचा सरळ अर्थही तितकाच खरा आहे. सोनाराचा हात हलका असतो, आणि त्याची तार बावीस कॅरटची असते. शुद्ध सोन्याने जखम चिडत नाही. मुलाम्याच्या वा हलक्या धातूच्या तारेने जे कान पिकतात ते याच कारणाने. तारेलाही पैसे नसले तर कडुनिंबाची काडी किंवा नारळाच्या झावळीचा हीर भोकात घालून ठेवीत, भोक बुजू नये म्हणून. वरून तेल. आपण तर शनिवार तेली. तेलाला तोटा नव्हता.

या काडीबद्दल मला पुढे एक गोष्ट कळली ती येथेच सांगतो. शब्बाथच्या मिश्नेत, सहाव्या अध्यायात, शब्बाथला बायकांनी काय अंगावर घालून बाहेर जावे व काय घालू नये याची चर्चा आहे. नेझेम घालून जाऊ नये असे तेथे म्हटले आहे. कारण बाई तो मैत्रिणीला दाखवायला काढील आणि हातात घेऊन चालू लागेल. मात्र लहान मुलींना कानांत दोरे घालून जायला मुभा आहे. इतकेच नव्हे तर कानांत काड्या असल्या तरी हरकत नाही. फ्रान्समध्ये अकराव्या शतकात होऊन गेलेले राशी यावर लिहितात की, मुलींचे कान टोचून ठेवतात, दागिने मोठेपणी घालतात, तोवर भोके बुजू नयेत म्हणून दोरे किंवा काड्या घालतात. मिश्ना सुमारे इ. स. २०० च्या वेळची. हीर घातलेली कोकणातली मुलगी शनिवारी अंगणाबाहेर गेली तर रब्बींची तिला परवानगी होती, आणि हे तिच्या आजीला माहीत असण्याचे काही कारण नव्हते.

नाक आठव्या वर्षी टोचले. ते मावशीला चांगले आठवे. पाटावर बसवून, भिंतीकडे पाठ करून, हातात गूळखोबरे दिले. डाव्या नाकपुडीला सोनाराने कोळशाचा ठिपका दिला, आत बोट लावून आधार धरला आणि तार ओवली. “दुखले नाही, पण डाव्या डोळ्यातून पाणी आले, उजव्यातून एक थेंब नाही,” असे ती सांगे. हे खरे आहे. नाकाच्या त्या बाजूला इजा झाली की त्याच बाजूच्या डोळ्याला पाणी येते. डावी नाकपुडी व बाळंतपण यांचा संबंध जोडणारी एक उपपत्ती अलीकडे फार ऐकू येते. मला ती पटत नाही. मराठी मुलखात नथ डावीकडे, दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी उजवीकडे; बाळंतपण दोन्हीकडे सारखेच होते.

आठव्या दिवशी तार पांघरुणाला अडकली आणि नाक सुजले. आजीने हळद घालून कोमट केलेले खोबरेल तेल लावायचे व तार रोज सकाळी फिरवायची असा क्रम ठेवला. महिन्याभरात उतार पडला, तरी पुरते बरे व्हायला आंब्यांचा हंगाम आला.

खरा त्रास बुगडीचा. बुगडी कानाच्या वरच्या कडेला, मऊ हाडात. तेथे रक्त थोडे, म्हणून जखम भरायला वर्षसुद्धा लागते. चौदाव्या वर्षी दोन्ही कानांवर टोचले, त्यातला उजवा पिकला. सहा महिने मावशी एका कुशीवर झोपली. ती हयातभर त्याच कुशीवर झोपत आली.

कानाची पाळी व मऊ हाड यांतला हा फरक आपल्या रब्बींनाही ठाऊक होता. तोरेत असे आहे की, हिब्रू दासाला सातव्या वर्षी मोकळीक मिळत असताना जर तो म्हणाला, मला धनी आवडतो, मी जात नाही, तर त्याला दाराशी नेऊन आरीने त्याचा कान टोचावा. कोठे टोचावा यावर किद्दुशीनच्या तालमुदात वाद आहे. एक मत पाळीचे, दुसरे वरच्या हाडाचे. हाडात भोक पडले तर तो कायमचा व्यंग होतो, आणि तो कोहेन असला तर सेवेला अपात्र ठरतो. म्हणून कोहेन दासाचा कान टोचूच नये असाही निर्णय आहे. आपल्या बेने इस्राएलांत परंपरेने कोहेन नाहीत, तेव्हा आपल्यापुरता हा प्रश्न उद्भवत नाही. पण कानच का, याचे योहानान बेन झक्काय यांनी दिलेले उत्तर विसरता येत नाही. तुम्ही माझे चाकर आहात, असे देवाने सीनायवर म्हटलेले ज्या कानाने ऐकले, तो जाऊन दुसरा धनी करतो. त्यालाच भोक पाडा.

असो. मावशीचे लग्न १९५० साली झाले. लग्नात मोत्यांची नथ होती. ती इतकी जड की दोऱ्याने केसांना बांधून तोलावी लागली. ‘नाकापेक्षा मोती जड’ हे तिने हसत हसत अनुभवले. लग्नानंतर मुंबईस माझगावात बिऱ्हाड झाले, नथ पेटीत गेली आणि नाकात चमकी आली, फिरकीची. मुंबईत तोवर हवा बदललेली होती. माझगावच्या इस्राएलाइट शाळेत, जी पुढे सर एली कदूरी शाळा झाली, शिकणाऱ्या मुली कान टोचीत, नाक नाही. धाकट्या बहिणीचे, म्हणजे माझ्या आईचे, नाक टोचलेच नाही. बुगडीचा तर विचारही नाही. एका घरातल्या दोन बहिणींच्या नाकांवरून कोकण व मुंबई ओळखू येई.

१९६३ च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने सोन्यावर नियंत्रण आणले. चौदा कॅरटवरचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली, सोनार रस्त्यावर आले. त्यामुळे जुन्या बावीस कॅरटच्या दागिन्यांना भलताच मान आला. मावशीने प्रवासासाठी नथ विकली, पण चमकी व बुगड्या अंगावरच ठेवल्या. १९६४ मध्ये ती कुटुंबासह दिमोनाला आली.

तो उन्हाळा कोणता होता हे जुन्या वाचकांना सांगावयास नको. प्रमुख रब्बींच्या कचेरीने १९६२ च्या फेब्रुवारीत सूचना काढल्या होत्या की, बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या आईकडील वंशाची मागल्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. त्याविरुद्ध १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली, ऑगस्टात क्नेसेटने त्यात लक्ष घातले, आणि मग त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव वगळण्यात आले. नाव वगळले, तरी नजरा काही वर्षे राहिल्या. मावशीच्या मुलीच्या लग्नाची नोंद करायला ती दोघे १९७० नंतर एका कचेरीत गेली. तेथील कारकुनाने कागद पाहण्याआधी मावशीचे नाक पाहिले आणि विचारले, “तुम्ही तिकडे हिंदू होता का?” मावशीचे हिब्रू तोडकेमोडकेच होते. ती म्हणाली, “रिवका इमेनूला काय विचारशील?” कारकुनाला अर्थ लागायला वेळ लागला. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा मोरोक्कन मात्र मोठ्याने हसला, आणि त्या हसण्यानेच त्या दिवशीचे काम झाले.

चमकीचा जाच असा नजरांचाच जास्त. गिरणीत यंत्रावर लोंबते दागिने चालत नसत. बुगड्यांना पट्टी चिकटवून मावशी पाळी करी. मिकव्याला गेले की अंगाला पाणी लागण्यात अडथळा नको म्हणून घट्ट दागिना काढावा लागे, आणि मळ बसलेली फिरकी निघता निघत नसे. खोबरेल तेलाचा थेंब व दोन मैत्रिणी एवढे लागे. शेजारणी बहुतेक मोरोक्कोच्या. त्यांच्या कानांत मोठाली वळी. पण नाक टोचलेले पाहून त्या हळहळत. उलट बेएर-शेवाच्या गुरुवारच्या बाजारात नाकात वळे घातलेली बेदुइन बाई भेटली की ती मावशीच्या नाकाकडे व स्वतःच्या नाकाकडे बोट करून हसे. दोघींची एक भाषा नव्हती. भाव मात्र तिने कधी कमी केला नाही.

पुढे आपल्या घरांतील नाके बुजत गेली. बुजत गेली हेही तितकेसे बरोबर नाही. लहानपणी टोचलेले, वर्षानुवर्षे दागिना वागविलेले भोक कधीच पुरते बुजत नाही. बारीक खळी राहते. लोद, रामले, अश्दोद, किर्यात गात येथील आपल्या म्हाताऱ्या बायकांच्या डाव्या नाकपुडीवर ती खळी मी कितीदा पाहिली आहे. विचारले तर “लहानपणी फोड आला होता,” असेही उत्तर मिळाले आहे.

मग १९९० नंतर वारा फिरला. सैन्यातील नोकरी संपवून इथली तरुण मुले-मुली हजारोंनी हिंदुस्थानात हिंडायला जाऊ लागली आणि गोवा, पुष्कर, धरमशाला येथून नाकात चमकी घालून परत आली. पोलिश आजीच्या नाती! तेल अवीवच्या रस्त्यांवर जी चमकी आधुनिक ठरली, ती दिमोनात तीस वर्षे खेडवळ ठरत होती. माझ्या मनात याचा राग आहे, तो लपवीत नाही.

मावशीच्या नातीने २००८ साली नाक टोचून घेतले, तेल अवीवच्या एका दुकानात. हातमोजे घातलेल्या मुलाने पोकळ सुईने टोचले आणि टायटेनियमचा खडा बसविला. कानाच्या पाळीसाठी दुकानांतून जे टोचण्याचे पिस्तूल वापरतात ते नाकाला व मऊ हाडाला वापरू नये, ते हाड चिरडते, असे त्याने सांगितले. मिठाच्या पाण्याने धुवायचे, तेल लावायचे नाही, आणि दागिना फिरवायचा नाही. फिरविला की धरलेली खपली मोडते. मावशीने हे ऐकून घेतले. आपले नाक सुजले ते पांघरुणाने की आजीच्या रोजच्या फिरवण्याने, हा हिशेब ती त्या संध्याकाळी प्रथमच करू लागली. मुलीचे वडील चार दिवस बोलले नाहीत. लेवी ग्रंथात अंगावर खुणा करू नयेत असे आहे, हे त्यांचे म्हणणे. तेथे मनाई आहे ती मेलेल्यांसाठी अंग चिरण्याची व गोंदण्याची, टोचण्याची नव्हे. हे त्यांना आमच्या हाझानांनी सांगितले, म्हणजे सोनारानेच कान टोचले.

शेवटच्या आजारात मावशीला चुंबकाच्या यंत्रात घालून तपासायचे होते. सोन्याला चुंबक धरत नाही हे तिने सांगून पाहिले, पण नियम तो नियम. फिरकी निघेना. परिचारिकेने पक्कड आणली, तेव्हा नातीने तिला थांबवून खोबरेल तेल मागितले. इस्पितळात ते कोठून असणार? शेवटी स्वयंपाकघरातून ऑलिव्हचे तेल आले, दहा मिनिटे मुरू दिले, आणि चमकी निघाली. बुगड्याही त्याच तेलाने निघाल्या. २०११ साली मावशी वारली.

चमकी नातीकडे आली. तिने ती घालून पाहिली तर जाईना. अलिबागच्या सोनाराची तार हल्लीच्या सुईच्या भोकाहून जवळजवळ दुप्पट जाड. रामल्याच्या एका सोनाराने ती तासून बारीक करून दिली. बुगड्यांना मात्र तिने अजून हात लावू दिलेला नाही.